उकळले म्हणजे झाले?



“पाणी उकळून प्या,” असे नर्स म्हणून मी आयुष्यभर सांगत आले. २ ऑगस्ट २०१४ च्या शब्बाथला मी ओहायोमधल्या टोलेडो शहरात लेकीकडे होते. पहाटेच सूचना आली, नळाचे पाणी पिऊ नका. मी म्हटले, “मग उकळून घेऊ.” लेक म्हणाली, “आई, उकळलंस तर आणखी वाईट!”

तिचे बरोबर होते. टोलेडोचे पाणी ईरी सरोवरातून येते. शेतातले खत पावसाबरोबर मॉमी नदीतून सरोवरात उतरते आणि उन्हाळ्यात पाणी तापले की हिरवे शेवाळ माजते. त्याचे विष यकृताला बाधते. असे पाणी पिऊन कुत्रीही दगावतात. उकळल्याने जंतू मरतात, हे विष मरत नाही. वाफ उडून गेली की उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होते. ४ लाखांहून अधिक लोकांवरची ती बंदी सोमवारी उठली.

आता उन्हाळे तापताहेत, पाऊसही एकदम कोसळतो. असे प्रसंग वाढणारच. म्हणून:

• सूचना नीट वाचा. “उकळून प्या” आणि “पिऊ नका” यांत फरक आहे.
• माणशी रोज ४ लिटर, असे तीन दिवसांचे बाटलीबंद पाणी घरात ठेवा.
• अशा पाण्यातल्या मासळीची आतडी, काळीज, चरबी टाका. मांस स्वच्छ पाण्याने धुवा.
• पाणी नाही म्हणून तहान मारू नका, गोळ्या चुकवू नका. शेजाऱ्याला हाक मारा.