ऑडॅसिटीची डागडुजी आणि आपली मराठी

सोलापुरात घरच्या घरी पॉडकास्ट, कथाकथन, भजनं रेकॉर्ड करणाऱ्यांनो, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि संपादित करण्याचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे वाचा. पंख्याची घरघर त्यात छान निघते. यंत्रमागाचा खडखडाट मात्र नीट निघत नाही, कारण त्यातलं नॉइज रिडक्शन सलग, एकसारख्या आवाजावरच चांगलं चालतं.

डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ऑडॅसिटीचं काम सुरू केलं. इतक्या जुन्या कोडला सतत हात लावावा लागतो. पूर्वी एका प्रोजेक्टच्या शेकडो छोट्या फाइल्स व्हायच्या. एखादी इकडेतिकडे झाली की रेकॉर्डिंगला खिंडार! २०२१ च्या ३.० आवृत्तीत सगळं एकाच फाइलमध्ये, एसक्यूलाइट डेटाबेसात आलं. माझ्या मते आजवरचा सर्वांत मोलाचा बदल हाच. चौथ्या आवृत्तीसाठी तर खिडक्या-बटणांचा जुना पाया, डब्ल्यूएक्सविजेट्स, काढून क्यूटी बसवायला घेतलं.

ऑडॅसिटीच्या मेनू-बटणांवरच्या मजकुराच्या मराठी भाषांतराची फाइलही या कोडमध्येच आहे. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की तिथलं मराठी पुन्हा तपासावं लागतं. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. ज्यांची मराठी चांगली आहे, त्यांनी जरूर हातभार लावा.