जाळीची अंगठी घेताना

लग्नसराई जवळ आली की आमच्या गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाइतकाच सोन्याचा विषय रंगतो. गेल्या महिन्यात तो जरा जास्तच रंगला. गटातल्या एका वहिनींच्या लेकीचा साखरपुडा ठरला आहे. तिनं मोबाईलवर एक अंगठी पाहिली आणि तीच हवी म्हणून हट्ट धरून बसली. बारीक तारेच्या वेलबुट्टीची, आरपार दिसणारी, हातात घेतली तर फुलासारखी हलकी. वहिनी म्हणाल्या, "देखणी आहे गं, पण टिकेल का? आणि उद्या अडीनडीला मोडायची वेळ आली तर हातात काय येईल?" दोन्ही प्रश्न रास्त होते. म्हणून आम्ही चौघीजणी तालुक्याला गेलो, दोन दुकानं पाहिली आणि एका जुन्या सोनारकाकांच्या पेढीवर तासभर बसलो. तिथं जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आमच्या आज्यांच्या वेळी साखरपुडा म्हणजे साखरेचा पुडा, साडी आणि ओटी. अंगठ्या घालायची पद्धत मागाहून आली, आणि आता तिच्याशिवाय फोटोच निघत नाही. असो.

या कामाला दुकानात फिलिग्री म्हणतात, आपण तारकाम किंवा जाळीकाम म्हणू. सोनं किंवा चांदी भोकाच्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत केसासारखी बारीक तार करतात. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जराशा चपट्या करायच्या, चिमट्यानं त्यांची वेटोळी, पाकळ्या, पानं वळवायची, मग जाड तारेच्या चौकटीत ती बसवून एकेका टोकाला झाळ द्यायची. आपल्या देशात ओडिशातलं कटक आणि तेलंगणातलं करीमनगर ही दोन गावं या कामासाठी नावाजलेली, पण तिथलं काम मुख्यतः चांदीचं. कटकला त्याला तारकशी म्हणतात.

हे सांगायचं कारण, अंगठीची ताकद आणि कमजोरी दोन्ही यातच आहेत. नाजूक तार दिसते, पण भार उचलते ती चौकट. आणि जितकी टोकं जास्त, तितके सांधे जास्त. सोनारकाकांनी भिंगाखाली एक जुनी अंगठी दाखवली. वरून धडधाकट, पण आतल्या बाजूनं दोन वेटोळी सुटून आलेली. "साडीच्या दशीत अडकली असेल," काका म्हणाले. आमच्यातल्या एकीनं लगेच आपली बोटं पदराखाली घेतली. कणीक मळणं, शेण, निंदणी, कांद्याची रोपं, जित्राबाचा दोर. आपल्या हातांना काय काय करावं लागतं ते कारखान्यात कुणी विचारात घेत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, अंगठी उलटी करून बघा. जाळी बोटाभोवती पूर्ण फिरली आहे, की फक्त वरच्या बाजूला आहे आणि खालची पट्टी सलग, भरीव आहे? आमचं मत स्पष्ट आहे, पट्टी भरीवच घ्या. पूर्ण जाळीची अंगठी तळहाताच्या बाजूनं दबते, वेडीवाकडी होते, आणि माप लहानमोठं करायला गेलं की नक्षीच तुटते. भरीव पट्टी कापून वाढवता येते. वरचं फूल बोटापासून फार उंच उठलेलं नको. एखादा धागा किंवा ओढणीची कड त्यावरून फिरवून पाहा. अडकली, तर ती अंगठी दुकानातच राहू द्या.

साच्यात ओतलेल्या अंगठ्याही जाळीच्या म्हणून विकल्या जातात. खऱ्या तारकामात भिंगातून तारेचा पीळ रवाळ दिसतो. ओतीव कामात कडा गोल, गुळगुळीत असतात आणि दहा अंगठ्या हुबेहूब सारख्या. ओतीव म्हणजे खोटी असं नाही, रोज वापरायला ती कधी कधी बरीच पडते. फक्त हातकामाची मजुरी तिला देऊ नका.

आता शुद्धतेकडे येऊ, कारण बायकांना फसवलं जातं ते इथं. सोन्याच्या हॉलमार्कवर तीन खुणा असतात. भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना कुठला, किती शुद्ध, ते समोर येतं. दुकानातच तपासा, लाजू नका.

पण एक मेख आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आणि जाळीची अंगठी ही हलकीच असते! आम्हाला एका दुकानात दाखवलेली अंगठी १ ग्रॅम ८०० मिलीची निघाली. खूण कुठं आहे विचारलं तर "ताई, एवढ्या लहानाला लागत नाही," असं उत्तर. नियमानं त्याचं खरं होतं. पण जाळीकामात सांधे पुष्कळ, आणि झाळेत हलका धातू असेल तर पूर्ण अंगठीची शुद्धता खाली येते. कुणी "केडीएमचं आहे" म्हणून कौतुक करत असेल तर त्यावरही जाऊ नका. केडीएम म्हणजे कॅडमियमची झाळ. तिचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून मानक ब्यूरोनं ती बंद केली.

म्हणून आमचा सल्ला, दोन ग्रॅमच्या वरचीच अंगठी बघा आणि खूण मागा. भरीव पट्टी असली की वजनही भरतं आणि खूण उठवायला आत जागाही मिळते. बिलावर दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. खूण असलेल्या दागिन्यात पुढं शुद्धता कमी निघाली, तर त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलं तर काय दाखवणार?

वहिनींचा दुसरा प्रश्न मोडीचा. हिशोब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. अडीच ग्रॅमचं सोनं झालं २५,०००. जाळीकामाची घडणावळ २० टक्के धरली तर ५,०००. वर ३ टक्के जीएसटी, ९०० रुपये. एकूण ३०,९००. तेवढ्याच वजनाच्या साध्या वळ्याला ८ टक्के घडणावळ असेल तर २७,८१० होतील. उद्या मोडायला गेलात, की दोन्हींचा हिशोब २५,००० पासूनच सुरू होणार, आणि त्यातून घट वजा. गहाण ठेवतानाही घडणावळ धरत नाहीत. म्हणजे ३,०९० रुपये जास्त दिले ते त्या वेलबुट्टीला दिले, सोन्याला नाही. आवडीला मोल आहे, ते देऊ नये असं आम्ही म्हणत नाही. पण पुंजी म्हणून घ्यायचं असेल तर साधं वळं किंवा मणी घ्या. घडणावळीवर घासाघीस होते, हेही लक्षात असू द्या. वहिनींनी विचारल्याबरोबर दुकानदारानं दोन टक्के उतरवले.

मापाचं थोडक्यात. दोऱ्यानं माप घेऊ नका, दोरा ताणतो. सोनाराकडच्या मापाच्या कड्या बोटात घालून पाहा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या कामानं बोटं फुगतात. कष्टाच्या हातांची पेरं जाड असतात, कडी पेरावरून जराशी अडून गेली पाहिजे. सासरची मंडळी परस्पर अंगठी करत असतील तर विहीणबाईंना स्पष्ट सांगा, मुलीला घेऊन या. गंमत म्हणून लपवून केलेल्या जाळीच्या अंगठीचं माप चुकलं की सोनारही हात टेकतो.

ऐपत नसेल तर चांदीची घ्यायला कमीपणा नाही. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. चांदी काळवंडते, जाळीत जास्तच. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशानं हलकेच साफ करा. दंतमंजन नको, ते तार झिजवतं. सोन्याच्या जाळीलाही हाच उपाय. कणीक मळताना मात्र अंगठी काढूनच ठेवा, एकदा पीठ आत बसलं की सुईनं टोकरावं लागतं आणि तिथंच तार सुटते.

वहिनींच्या लेकीनं शेवटी २ ग्रॅम ६०० मिलीची, १८ कॅरेटची अंगठी निवडली. वर एकच जाळीचं फूल, खाली भरीव पट्टी. १८ कॅरेटला आई आधी नाखूश होती. पण २२ कॅरेट मऊ असतं, बारीक तार त्यात लवकर वाकते, हे काकांनी दोन्ही तारा वाकवून दाखवल्यावर तिला पटलं. साखरपुडा पुढच्या रविवारी आहे. अंगठी वहिनींनी कापसात गुंडाळून ठेवली आहे. कुठं, ते रेडिओवर सांगणार नाही.