पहिल्या पिठाची किंमत

पाचवीच्या वर्गात आदिमानवाचा पाठ मी पंधरा वर्षे एकाच ठरलेल्या पद्धतीने शिकवत आले. माणूस रानात भटकत होता, शिकार करत होता; मग त्याने धान्य पेरले, घर बांधले आणि तो सुखी झाला. मुले पाठ करत, पेपरात लिहीत, गुण मिळवत.

यंदा एका मुलीने विचारले, “टीचर, गहू पिकला खरा, पण तेव्हा गिरणी कुठे होती? पीठ कोण करायचं?” मला उत्तर देता आले नाही. “उद्या सांगते,” म्हणाले आणि घरी येऊन पुस्तके काढली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सीरियातल्या एका जागेची गोष्ट सांगितली. फुरात नदीकाठच्या त्या पांढरीच्या टेकाडाचे नाव अबू हुरैरा. नाव ऐकताच मुले सावरून बसली. हदीस ऐकताना हे नाव त्यांच्या कानांवरून गेलेले. धरणाच्या पाण्यात जागा बुडणार म्हणून 1972 आणि 1973 साली तिथे घाईने उत्खनन झाले. सुमारे 13 हजार वर्षांपूर्वी तिथे हरणांची शिकार करणारी माणसे राहत होती. त्यांच्या वस्तीत शंभराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींची बीजे सापडली. म्हणजे ही माणसे अडाणी नव्हती. कोणते बी कधी पिकते, हे त्यांना ठाऊक होते. पुढे त्याच जागी कच्च्या विटांच्या घरांचे मोठे शेतकरी गाव वसले.

या गावातल्या सांगाड्यांचा अभ्यास थिया मॉलेसन या संशोधिकेने केला. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेचे मणके दुखावलेले. आणि हे मुख्यतः बायकांच्या हाडांत. कारण होते दळण. खोलगट दगडापुढे गुडघे टेकायचे, पायाची बोटे मागे दुमडून जमिनीत रोवायची आणि दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे-मागे ढकलायचा. रोज, तासन्‌तास. गोल फिरणारे जाते यायला अजून हजारो वर्षे होती.

मी घरचा पाटा-वरवंटा आणि मूठभर गहू वर्गात नेले. मुलगे आणि मुली, सर्वांना गुडघ्यांवर बसवून पाळीपाळीने दळायला लावले. पाच मिनिटांत एकेक जण उठू लागला. पीठ झाले ते चिमूटभर, तेही जाडेभरडे.

गृहपाठ दिला, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना दळणाविषयी विचारा. एका मुलाने लिहून आणले, “दादी फजरच्या आधी उठून जात्यावर बसायची. आता तिचे गुडघे गेले आहेत, ती खुर्चीवर बसून नमाज पढते. मला वाटायचे, म्हातारपणामुळे.”

शेतीने माणसाला साठवलेले धान्य दिले, गाव दिले, शेजार दिला. हे मी आजही शिकवते. पण ‘माणूस सुखी झाला’ हे वाक्य आता तसेच सोडून देत नाही. सहामाही परीक्षेत ‘शेतीमुळे काय मिळाले?’ या प्रश्नाला मी दुसरा जोडला, ‘त्यासाठी कष्ट कोणी उपसले?’

आपल्या मुलांचा हा पाठ सुरू असेल तेव्हा घरी दस्तरखानावर एवढाच प्रश्न विचारून पाहा. उत्तर बहुधा स्वयंपाकघरातच, शेवटची रोटी शेकत उभे असेल.