नाथांच्या घरचा रांजण

फाल्गुन वद्य षष्ठी समीप आली की पैठणच्या वाटा दिंड्यापताकांनी फुलून जातात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच तिथीला शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी गोदातीरी देह ठेविला. या सोहळ्याचा आरंभ मात्र एका रांजणाच्या पूजनाने होतो. तुकाराम बीजेस गावातील नाथवाड्यात हा रांजण पूजिला जातो आणि भाविक त्यात गोदावरीचे पाणी घालू लागतात. श्रीखंड्या होऊन भगवंताने बारा वर्षे ज्यात कावडीने पाणी भरले, तोच हा रांजण. तो काठोकाठ भरून वाहू लागला की देव येऊन गेले, असा भाविकांचा भाव आहे.

देवाने करावयास सेवा तरी कोणती निवडली? पाणी भरण्याची! आमच्या प्राचीन गृहधर्मात या सेवेचे स्थान फार थोर आहे. मोठ्या जलपात्रास अमरकोशात ‘अलिंजर’ व ‘मणिक’ अशी नावे आहेत. पारस्कर गृह्यसूत्रात घर बांधण्याचा विधी संपताच ‘मणिकावधान’ म्हणजे रांजण बसविण्याचा विधी येतो. ईशान्येस खड्डा खणावा, त्यात दर्भ व अक्षता पसराव्यात, रांजण ठेवून त्यात जल घालावे. मंत्रात तर त्या पात्राला समुद्रच म्हटले आहे. भिंती उभ्या राहिल्या, पण पाणी साठले नाही, तोवर घराला घरपण आले नाही, हाच त्याचा आशय.

मातीचा रांजण घडविणे हेही सोपे काम नव्हे. एवढे मोठे पात्र चाकावर एका दमात उतरत नाही. राख वा लीद मिसळून मळलेल्या मातीला चाकावर जाड आकार द्यावयाचा. मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकीत ते पातळ व मोठे करावयाचे. सावलीत सुकवून आव्यात भाजावयाचे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, वाऱ्याने वाळते आणि वाळताना आतील जलाची उष्णता घेऊन जाते. चिनी मातीच्या झिलईदार पात्रास हा गुण नाही. त्याची छिद्रे बुजलेली असतात. म्हणून ते लोणच्याला व मिठाला उत्तम, पाण्याच्या गारव्याला नव्हे.

अलीकडे रांजणाला पुन्हा मान मिळू लागला आहे. बंगल्याच्या दाराशी, बागेच्या कोपऱ्यात, वारलीची चित्रे रेखलेले भव्य रांजण आम्ही पाहतो. कुंभाराच्या हाताला काम मिळते, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु तैलरंगाच्या लेपाने त्याची छिद्रे बुजतात, आत थेंबभरही पाणी नसते, आणि चैत्राच्या उन्हात दारावरून तहानेला जीव पुढे निघून जातो. शोभा राहिली, धर्म गेला!

नाथांची कथा येथे आठवावी. रामेश्वरास नेण्यासाठी काशीहून आणलेली गंगा त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. कावड रिकामी झाली, पण यात्रा तेथेच सुफळ झाली. पात्राची खरी शोभा त्याच्या नक्षीत नसून त्यातून कोणाची तृषा भागली यात आहे.

म्हणून भाविक वाचकांस आमची विनंती आहे. या षष्ठीला घरी रांजण आणावयाचा असेल तर बिनरंगी, सच्छिद्र मातीचा आणावा. दाराशी तिवईवर ठेवून गाळलेल्या पाण्याने भरावा, वर झाकण व जवळ ओगराळे ठेवावे. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यास निदान एकदा तो पूर्ण रिता करून घासून कोरडा करावा. शोभेचा रांजण आधीच घरी असेल, तर त्याच्याजवळ पाखरांसाठी एक परळ रोज ताज्या पाण्याने भरून ठेवावा.

श्रीखंड्या कोण, हे नाथांच्या घरी बारा वर्षे कोणी ओळखले नाही. आपल्या दाराशी ओंजळ पुढे करणारा कोण, हे तरी आपणांस कोठे ठाऊक असते? आपण रांजण भरलेला ठेवावा.