सौताड्याचा दरा : सावलीसाठी उतरायचे

बीड जिल्ह्यात झाडाखालून चालायचे असेल तर डोंगर चढून उपयोग नाही, तो उतरावा लागतो. बालाघाटाचा माथा म्हणजे उघडा, सपाट माळ. कुसळी गवत, बोरी-बाभळी, दगडगोटे आणि डोक्यावर ऊन. पाऊस वर्षाकाठी साडेसहाशे मिलीमीटरच्या घरात, तोही लहरी. वनाच्छादन जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या तीन टक्क्यांच्याही आत. पाटोदा तालुक्यातल्या सौताडा गावाजवळ मात्र हा माळ एकाएकी तुटतो आणि समोर काळ्या कड्यांची खोल दरी उघडते. विंचरणा नदी या कड्यावरून खाली झेपावते. तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्याभोवती, बीडच्या मानाने नवल वाटावे अशी झाडी.

गाव बीडहून पाटोदामार्गे जामखेडला जाणाऱ्या रस्त्यावर, जामखेडच्या थोडे अलीकडे. वाट अवघड नाही. पायऱ्या उतरायच्या, देवळात टेकायचे, तिथून पाण्याच्या कडेने कड्याच्या पायथ्याकडे जायचे आणि फिरून पुन्हा पायऱ्यांशी यायचे. लहान मुले घेऊनही अर्ध्या दिवसात सगळे निवांत होते. ट्रेकिंगचे बूट आणि काठ्या असा सरंजाम करून आलेला पाहुणा श्रावणी सोमवारी इथे जरा ओशाळतो, कारण हातात नारळाची पिशवी घेतलेली एखादी नऊवारीतली आजी अनवाणीच त्याच्या पुढे निघून जाते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला दऱ्यात भाविकांची गर्दी असते. वनवासात रामाने इथे शिवलिंगाची स्थापना केली, ही त्यांची श्रद्धा. शांतपणे चालायचे असेल त्याने हे दिवस टाळावेत. यात्रा पाहायची असेल त्याने नेमके तेच गाठावेत.

पायऱ्या निम्म्या उतरल्या की हवा बदलते. त्यामागे खडकाची रचना आहे. दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. सगळे थर सारखे टणक नसतात. वरचा कठीण बसाल्ट टिकून राहतो, खालचा मऊ, भुसभुशीत थर पाण्याच्या माऱ्याने झिजतो. मग आधार गेलेला वरचा खडक कोसळतो आणि धबधबा हळूहळू मागे सरकत दरी लांबवत नेतो. कड्याच्या पायथ्याशी विखुरलेले मोठाले धोंडे याच कारखान्यातले. माळावर मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत दऱ्याच्या भिंतींना ओलसर ठेवते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कडेच अडवतात, माथ्यावरचा सोसाट्याचा वारा खाली पोचत नाही. वर जे झाड झुडूप होऊन राहते, ते इथे उंच वाढते.

अर्थात नुसत्या ओलाव्याने झाडी टिकत नाही. अशा दऱ्यांत नांगर चालत नाही, हे एक. आणि तळाशी देव आहे, हे दुसरे. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायला माणूस बिचकतो. सावली नव्याने उभी करायची तर काय खटाटोप करावा लागतो, हे बीड शहराजवळ पालवणला दिसते. तिथल्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. फेब्रुवारी 2020मध्ये तिथे वृक्ष संमेलनही भरले, आणि अध्यक्ष होता वड! भाषण न करणारा अध्यक्ष मिळणे ही मराठी संमेलनांच्या इतिहासातली दुर्मीळ घटना म्हणायची.

विंचरणेचा पुढचा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ती जामखेडकडे उतरते, सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. याच पाटोदा तालुक्यात गौखाडीजवळ उगम पावणारी मांजरा मात्र 724 किलोमीटर धावून गोदावरीला मिळते. एकाच तालुक्यातला पाऊस कुठल्या बाजूला पडला यावर तो कृष्णेचा होणार की गोदावरीचा हे ठरते. सौताड्याच्या माळावर उभे राहिले तर असा कुठला दुभाजक डोळ्यांना दिसत नाही. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधली पाणलोटाची सीमा या पसरट बालाघाटाने सांभाळली आहे.

जायचे कधी, याला महत्त्व आहे. इथले जंगल पानगळीचे. चैत्र-वैशाखात सावलीही विरळ होते आणि धबधब्याच्या जागी कोरडा कडा उरतो. धो-धो पावसात पाणी पाहण्यासारखे असते, पण शेवाळलेला बसाल्ट साबणासारखा निसरडा होतो. माथ्यावरच्या काठाशी फोटोसाठी वाकू नये आणि डोहात उतरू नये. भाद्रपद-अश्विन हा काळ सर्वांत चांगला: पाणी आहे, पाने आहेत, चिखल ओसरलेला. दिवस हाताशी असेल तर तालुक्यातलेच नायगाव मयूर अभयारण्य जोडून घेता येते. मोरांसाठी 1994मध्ये राखलेले हे रान सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे. तिथे सकाळी लवकर जावे, कारण ऊन चढले की मोर झुडपांत दडी मारतो.

अश्विनात आणखी एक गोष्ट पदरात पडते. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळ आपोआप उगवते. बीडच्या सीताफळाला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या दिवसांत रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. दसरा झाला की बीडच्या तालुक्यांमधून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी कामगारांच्या जोड्या, ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघू लागतात, आणि डोंगरपट्ट्यातली कितीतरी घरे उन्हाळ्यापर्यंत म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहतात. म्हणून दऱ्यातून वर आल्यावर पाटीवाल्या बाईशी फार घासाघीस न करता दोन किलो सीताफळे घ्यावीत. डोळे उघडलेली निवडावीत. ती दोन दिवसांत पिकतात.