टायमिंग गिअर: कठीण तेच टिकाऊ?

फोर्डने 1927 ते 1931 या काळात बनवलेली ‘मॉडेल ए’ आजही अनेक हौशी मंडळी चालती ठेवून आहेत. तिच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एकच व्हायला हवा. हा मेळ दोन टायमिंग गिअर राखतात. क्रँकचा लहान गिअर पोलादी असतो. कॅमचा मोठा गिअर बदलताना मात्र फायबर घ्यावा की धातूचा, यावर मतभेद होतात आणि बरेचसे गैरसमजातून होतात.

गैरसमज: फोर्डने पैसे वाचवायला फायबर वापरलं.
वस्तुस्थिती: कापडाचे थर राळेत दाबून बनवलेला हा गिअर आवाज कमी करण्यासाठी होता. पोलादी दात्यांवर तो शांतपणे फिरतो.

गैरसमज: धातू जितका कठीण, तितका गिअर चांगला.
वस्तुस्थिती: जोडीतला एक गिअर मऊ असला की दाते एकमेकांशी लवकर जुळतात. दोन्ही कठीण असतील तर मोकळीक अचूक हवी, नाहीतर खडखडाट ठरलेला. अ‍ॅल्युमिनियम मजबूत असतं, पण ओतीव लोखंडी ब्लॉकपेक्षा जास्त प्रसरण पावतं. थंड इंजिनात दाते घट्ट बसवले, तर तापल्यावर ते आवळतात आणि गिअर शिट्टीसारखा वाजतो.

गैरसमज: फायबरचे दाते तुटले की इंजिन संपलं.
वस्तुस्थिती: या इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे पिस्टन त्यांच्यावर आदळत नाही. गाडी जागीच बंद पडते, एवढंच. मात्र तुकडे ऑइल पॅनमध्ये पडून पंपाची जाळी तुंबू शकते. म्हणून पॅन उतरवून साफ केल्याशिवाय नवा गिअर चढवू नये. धातूचा चुरा तर जास्त घातक: मूळ इंजिनाला ऑइल फिल्टर नाही आणि व्हाइट मेटलची बेअरिंगं मऊ असतात.

गैरसमज: फक्त मोठा गिअर बदलला तरी भागतं.
वस्तुस्थिती: क्रँकच्या गिअरचे दाते झिजलेले असतील तर ते नव्या गिअरलाही खातात. जोडीच बदला आणि खुणा समोरासमोर आणा. पुढच्या कव्हरमधली टायमिंग पिन काढून उलटी दाबली की ती कॅम गिअरवरच्या खळग्यात बसते. इग्निशनचं टायमिंग त्यावरूनच लावतात. नव्या गिअरवर तो खळगा आहे ना, हे विकत घेतानाच बघा.

गाडी अधूनमधून, रमतगमत चालवायची असेल तर चांगल्या प्रतीचा फायबर गिअर पुरेसा आहे. लांबचे दौरे करायचे असतील तर अ‍ॅल्युमिनियम घ्या, पण मोकळीक मोजूनच बसवून घ्या.