तळ्याच्या तळाशी फुलराणी

एक सोपा प्रयोग करून बघा. ऑफिसातल्या अस्सल पुणेकरांना एकेकटं गाठा आणि विचारा, आयुष्यात पहिल्यांदा ट्रेनमध्ये कधी बसलास? डेक्कन क्वीनचं नाव घेणारा एखादाच निघेल. बाकीचे आधी जरा लाजतात, मग हसतात आणि म्हणतात, 'फुलराणी!' हे सांगताना मोठमोठ्या टीम लीडर्सचे चेहरे पाच वर्षांच्या मुलासारखे होतात. मी पाहिलंय.

फुलराणी म्हणजे पेशवे पार्कातली छोटी आगगाडी. सारसबागेला लागून, पर्वतीच्या पायथ्याशी. ८ एप्रिल १९५६ ला ती पहिल्यांदा सुटली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला यायच्या चार वर्षं आधी. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, एका अख्ख्या पिढीला त्यानं वेड लावलं आणि २०२२ मध्ये ते बंदही झालं. फुलराणीच्या डोळ्यांदेखत आलं आणि गेलं. तीही अधूनमधून बंद पडते म्हणा. कधी दुरुस्ती, कधी नूतनीकरण, मग लॉकडाउन. आणि दर वेळी पेपरात बातमी येते, फुलराणी पुन्हा रुळावर. शहरातल्या फ्लायओव्हरलाही इतकं प्रेम मिळत नाही.

मी पुण्याची नाही. मी सानगडीची. ('कुठे आलं हे?' या प्रश्नाची मला सवय आहे.) भंडारा जिल्हा, साकोली तालुका. भात, एक जुना किल्ला आणि तलाव. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. आमच्याकडे 'राइड' म्हणजे मंडईतला आकाशपाळणा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मैदानाच्या कडेला करकरणारा पाळणा. तो ट्रकमधून येतो, दोन दिवस गरगरतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. त्यामुळे एकाच जागी साठी ओलांडलेली राइड ही माझ्यासाठी नवलाईच होती. मास कॉम करायला पुण्यात आले तेव्हा वर्गातल्या मुलींनी मला अक्षरशः ओढत नेलं. आम्ही सगळ्या एकोणीस-वीसच्या, आणि रांगेत पुढे-मागे सगळी केजीची पोरं.

राइड म्हणून बोलायचं तर फुलराणीत थ्रिल वगैरे काही नाही. पोटात गोळा येत नाही, किंकाळी फुटत नाही. गुडघे छातीशी घेऊन बसायचं, गाडी झाडांमधून वळसा घेते, बोगदा आला की सगळी पोरं एकसुरात ओरडतात, बाहेर आलं की आईबाबा हात हलवतात. संपलं. उतरताना मात्र प्रत्येक पोराला पुन्हा बसायचं असतं. माझी तक्रार एकच, फेरी फार लवकर संपते.

फुलराणीच्या आधीपासून इथे प्राणी होते. पुणे महापालिकेनं १९५३ मध्ये पेशवे पार्क सुरू केलं ते प्राणिसंग्रहालय म्हणूनच. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुणेकरांच्या आठवणींत गाडीच्या शिट्टीबरोबर वाघाची डरकाळीही असते. पांढरा वाघ हा तर तेव्हाचा सुपरस्टार. हत्तीवर बसून चक्कर मारता यायची, आणि ती राइड फुलराणीला तोडीस तोड समजली जायची. आज हत्तीवर बसवायचं म्हटलं तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा मुलाला हत्तीवर बसवलं नाही तर आईबापांना चुकल्यासारखं वाटायचं.

गंमत खरी सुरू होते ती याच्या खाली. अगदी शब्दशः खाली.

शेजारच्या सारसबागेतल्या गणपतीला पुणेकर आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. थंडीत त्याला स्वेटर आणि टोपी घालतात, त्याचे फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर दर वर्षी येतात. पण तळं कुठाय? देवळाभोवती कमळांचं थोडंसं पाणी आहे, त्याला तळं म्हणणं म्हणजे आमच्या जिल्ह्याचा अपमान. मी हे घरी फोनवर सांगितलं. बाबांनी पांढऱ्या वाघाचं ऐकलं, फुलराणीचं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तलाव होता म्हंतेस ना बेटा, मंग त्यातला पानी गेला कुठी?"

बाबा तलावाखालची धानाची शेती करतात. त्यांच्या दृष्टीनं तलाव हरवणं ही बातमी आहे, वाघ नव्हे. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि पत्रकार म्हणवून घेत असल्यामुळे गप्पही बसवेना.

तर गोष्ट अशी. कात्रजच्या डोंगरातून एक ओढा निघतो, आंबिल ओढा. पूर्वी तो जुन्या पुण्याच्या वस्तीतून वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर या ओढ्याचं तीन प्रकारे काम केलं. वर कात्रजला बांध घालून तळी बांधली आणि तिथून जमिनीखालच्या नळानं पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. खाली पर्वतीपाशी ओढा अडवून मोठं तळं केलं. आणि ओढ्याचा प्रवाहच वळवून पश्चिमेकडून, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूनं, नदीला नेऊन सोडला. आपल्याकडे एक रस्ता वळवायला किती वर्षं लागतात ते आठवून बघा!

पर्वतीच्या तळ्यात मधोमध एक बेट राखलं होतं. त्यावर बाग केली, तीच सारसबाग. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात तिथे गणपती बसला. पाण्याच्या मधोमध, म्हणून तळ्यातला. तळ्यात नौकाविहार चालायचा. असं सांगतात की महत्त्वाची खलबतं नावेत बसून व्हायची आणि वल्ही मारायला हबशी माणसं असायची, म्हणजे मराठीतलं बोलणं त्यांना कळू नये. खरं-खोटं देव जाणे, पण कॉन्फिडेन्शियल मीटिंगसाठी याहून भारी कॉन्फरन्स रूम मी ऐकलेली नाही. थोडक्यात, पेशवे पार्काच्या जागेवरची सगळ्यात जुनी राइड फुलराणी नव्हेच. ती होती नाव. नानासाहेब स्वतः पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, याच तळ्यावर नजर ठेवून असलेल्या पर्वतीवर वारले.

पुढे पेशवाई गेली. १८७०च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, शहर त्या पाण्याकडे वळलं. गरज संपली की तळ्याकडे कोण बघतं? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची रया गेली होती. मग त्याच जागेवर महापालिकेनं आधी पेशवे पार्क केलं, नंतर सारसबागेला आजचं रूप दिलं. म्हणजे फुलराणी तळ्याकाठी धावत नाही. ती तळ्याच्या तळातून धावते. बोगद्यात ओरडणारी पोरं जिथे आहेत, तिथे कधीकाळी त्यांच्या डोक्यावरून नाव गेली असती.

हे कळल्यावर मी पुन्हा एकदा जाऊन आले. पार्क तेच, पण नजर बदललेली. बागेत उतरताना आपण खरंच उतरतो, हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. वर पर्वती, आणि आपण खोलगट भागात. आमच्या गावातल्या कुणालाही इथे डोळे बांधून आणा आणि पट्टी काढा, तो म्हणेल, इथे तलाव असायला पाहिजे.

आता प्राण्यांचं ऐका, कारण त्यांचा प्रवास फार मजेशीर आहे. पेशवे पार्काची जागा त्यांना अपुरी पडायला लागली. कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान होतंच, त्याच परिसरात १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांत पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्यानं तिकडे गेले. पिंजरे गेले, खंदकवाली मोकळी आवारं आली. पेशवे पार्कात मग सौर आणि इतर ऊर्जेची खेळण्यांतून ओळख करून देणारं ऊर्जा उद्यान झालं, जोडीला साहसी खेळ आले. या सगळ्या अदलाबदलीत जुन्यातली फुलराणी तेवढी टिकली.

आणि कात्रजचं संग्रहालय कुठे आहे? कात्रजच्या तळ्याकाठी. त्याच आंबिल ओढ्यावर, पेशव्यांच्या त्याच व्यवस्थेच्या वरच्या टोकाला. खालच्या मेलेल्या तळ्यातून वाघ उठले आणि ओढ्याच्या उलट दिशेनं चालत वरच्या जिवंत तळ्याकाठी जाऊन बसले, असं नकाशावर दिसतं. कुणी मुद्दाम ठरवलं नसेल. पण मला ते फार आवडलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण बाबांचा प्रश्न अजून सुटला नव्हता. पाणी गेलं कुठे?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याला त्याचं उत्तर मिळालं. कात्रज परिसरात धो धो पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुटून वाहायला लागला. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी. गाड्या एकमेकींवर चढल्या, भिंती कोसळल्या, पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. माझी एक मैत्रीण तेव्हा त्या भागात पीजी म्हणून राहायची, तळमजल्यावर. रात्री साडेअकराला तिचा फोन आला, 'घरात गुडघ्याएवढं पाणी आहे, मी मालकांच्या टेरेसवर आहे, चार्जिंग संपत आलंय.' नंतर सकाळपर्यंत फोन लागला नाही. ती सुखरूप निघाली. तिची स्कूटी दोन दिवसांनी दुसऱ्याच सोसायटीच्या कुंपणात अडकलेली सापडली. ती मला म्हणाली, 'अगं, घराजवळ ओढा आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो नाला आहे.'

आपण फ्लॅट बघायला जातो तेव्हा कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, स्विमिंग पूल आहे का विचारतो. इथून पाणी कुठून कुठे जातं, हे कोण विचारतं? एका बाजूला ओढ्याचं पात्र बांधकामांनी आवळलेलं, दुसऱ्या बाजूला पूर आला तर पसरायला जी एक मोठी जागा होती तिथे आता बाग आणि मैदान. तळं असतं तर पूर आलाच नसता असं मी म्हणत नाही, ते इंजिनिअरांनी सांगावं. पण तळं म्हणजे पाण्याला थांबायची जागा, एवढं सानगडीत तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

नागपूरकर वाचकांनी फार हसू नये. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला तुमचंही एक वॉटर पार्क होतं, क्रेझी कॅसल. माझ्या कितीतरी नागपुरी मैत्रिणींचं उन्हाळी सुट्टीतलं स्वर्गस्थान. ते बंद झालं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, आणि तेव्हा नदीच्या वाटेत काय काय बांधून ठेवलंय याच्या चर्चेत त्या जागेचंही नाव निघालं.

आमच्याकडचे तलाव मात्र वेगळ्या चिंतेत आहेत. ते आहेत माजी मालगुजारी तलाव, लाडानं 'मामा तलाव'. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. १९५०च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कुणी काढायचा हा वाद तेव्हापासून सुरू आहे. आता गावातल्या पोरांना तिथे बोटिंग हवंय, सेल्फी पॉइंट हवाय. मी त्यांना नावं ठेवणार नाही, मलाही बोटीत बसायला आवडतं. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बोट चालवा ना! पन बोट चालवाले पानी लागते, आन् पानी लागते तं गाळ काढा लागते." ग्रामसभेत त्यांनी हेच बोलावं असा माझा आग्रह आहे, ते लाजतात.

या शनिवार-रविवारी काही प्लॅन नसेल तर हे करून बघा. मेट्रोनं स्वारगेटला उतरा आणि पर्वतीच्या दिशेनं चालत सारसबागेत या. गणपतीचं दर्शन, मग देवळाभोवतीच्या पाण्याकडे पाहून बेटाचा अंदाज घ्या. पेशवे पार्कात शिरताना जमिनीचा उतार पायांनी जोखा. फुलराणी चालू असेल तर बसा, लाजू नका, आम्ही एकोणीस वर्षांच्या असताना बसलोय. संध्याकाळी चौपाटीवर भेळ. आणि दुसऱ्या दिवशी कात्रजला जाऊन त्याच ओढ्यावरचं, पाण्यानं भरलेलं तळं बघा, काठावर वाघांसह. शनिवार-रविवार नाही जमला आणि मधल्या दिवशी सुट्टी टाकणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.